हार्वेस्टचा लिलाव आणि शरणपूरची मुलं

खरीप घरात आला की आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये हार्वेस्टचा सण होतो. वेदीपाशी धान्य, भोपळे, अंडी, कधी चक्क जिवंत कोंबडी! उपासना संपली की अंगणात लिलाव. घेणारा नारळ परत दान करतो, मग तोच नारळ पुन्हा विकायला. पोरांची नुसती धमाल.

या सणाचं आजचं रूप इंग्लंडचं. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या पाद्रींनी १८४३ मध्ये ते रुजवलं.

नाशिकमध्ये मात्र मला शरणपूर आठवतं. हो, तोच ट्रॅफिकवाला शरणपूर रोड! १८५०च्या दशकात रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी इथे मिशनची वस्ती उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, सुतारकाम, लोहारकामही. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनला गेला. पण अशा मुलांचं शेत कुठलं, सुगी कुठली? आईबापच हिरावलेले.

म्हणून हार्वेस्ट ठरवताय ना, तर नुसत्या शेतमालाच्या टोपल्या मागू नका. कुणी बनवलेला पाट, विणलेला रुमाल, लेकरांची चित्रंही लिलावात येऊ द्या. आणि पाच-दहा रुपयांच्या वस्तू पोरांच्या बोलीसाठी राखून ठेवा.