जहाज जिद्द्याला जातं का?

यंदा दिवाळीच्या सुटीत क्रूझवर जायचं, असा आमच्या घरी मुलांचा हट्ट आहे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांची यादी मोबाईलवर उघडून सगळे बसले होते. गोवा, लक्षद्वीप, कोची. कुठे जायचं यावर अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात जपमाळ ओढत बसलेल्या अम्मीनं विचारलं, "यातलं एखादं जिद्द्याला जातं का?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. आमच्या घराण्यात समुद्र ओलांडलेला माणूस एकच, माझे दादा. त्यांच्या पिढीला पहिल्या जहाजप्रवासाचं ठिकाण निवडावं लागत नव्हतं, ते आधीच ठरलेलं असायचं. प्रश्न असायचा तो रस्त्याचा, आणि हा रस्ता कित्येक शतकं आपल्या खान्देशातून गेलेला आहे.

मुघल काळात हजला जाण्याचं मोठं बंदर सुरत. त्याला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातला. 1615 साली इंग्रज वकील टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गानं. आज आपण एसटीच्या पाटीवर वाचतो तीच ही गावं. दख्खनचा मोगली कारभार पाहणारे अब्दुर्रहीम खान-ए-खानान बुऱ्हाणपुरात बरीच वर्षं राहिले. हाजींना नेणारी त्यांची स्वतःची जहाजं होती.

पण सुरतेला पोहोचलं की प्रवास सुरू झाला, असं नव्हतं. समुद्रावर पोर्तुगीजांचा ताबा होता. त्यांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', नसेल तर जहाज लुटलं जाई. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. शाही घराण्यातल्या या बाईलाही परवान्यासाठी सुरतेत सुमारे वर्षभर थांबावं लागलं. ती परत सिक्रीला पोहोचली 1582 मध्ये. येताना एडनजवळ जहाज फुटलं आणि तिथं कित्येक महिने अडकून पडावं लागलं.

त्या परवान्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. त्यावरून दरबारी उलेमांमध्ये वाद पेटला. समुद्रानं जावं तर हे परवाने, खुश्कीनं जावं तर शिया इराणमधून वाट. म्हणून हिंदुस्थानच्या मुसलमानांवर सध्या हज फर्जच नाही, असंही मत काहींनी दिलं. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, जहाजं भरून जातच राहिली. बादशाहीचं संरक्षणही पुरेसं नसे. 1695 मध्ये औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज हाजींना घेऊन परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं.

पुढे सुरत मागे पडली आणि मुंबई पुढे आली. 1860 च्या दशकात रेल्वे खान्देशातून भुसावळपर्यंत पोहोचली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि वाफेची जहाजं वाढली. आता पाचोऱ्याचा माणूस तापीकाठचा रस्ता सोडून आगगाडीनं थेट मुंबईला जाऊ लागला. गरिबालाही हज आवाक्यात आला, पण दलालांची लूट आणि जहाजांवरची कोंबाकोंबीही वाढली. त्यावर इलाज म्हणून सरकारनं 1886 साली हाजींच्या वाहतुकीचं काम कोणाला द्यावं? सहली काढणाऱ्या थॉमस कुक कंपनीला! त्यांना ते झेपलं नाही आणि काही वर्षांत त्यांनी ते सोडून दिलं. तांबड्या समुद्रात शिरल्यावर कामरान बेटावर क्वारंटाईन असायचं. कॉलऱ्याच्या भीतीनं सगळ्यांना तिथं उतरवून ठेवत.

आमच्या दादांच्या काळात हाजी म्हटला की 'मुघल लाइन' हे नाव यायचंच. या कंपनीची सुरुवात 1877 ची. हीच कंपनी पुढे काही वर्षं मुंबई–गोवा जहाजही चालवत होती. सर्वांत स्वस्त तिकीट डेकचं. दादा निघाले तेव्हा पाचोरा स्टेशनवर अर्धं गाव जमलं होतं, असं अम्मी सांगते. पेटीत आटा, डाळ, लोणचं आणि सगळ्यात खाली कफन. निघण्याआधी त्यांनी दारोदार जाऊन "कहा-सुना माफ करो" म्हटलं, उधारी फेडली आणि भावाशी जमिनीवरून धरलेला अबोला सोडला. जहाज यलमलमच्या समोर आलं की सगळे एहराम बांधत. शेटजी आणि हमाल, दोघांच्या अंगावर तेच दोन पांढरे कपडे. वाटेत कुणी दगावलं, तर जनाज्याची नमाज होऊन त्याला समुद्राच्या हवाली करत.

1995 मध्ये 'अकबरी' हे शेवटचं जहाज गेलं आणि हजचा समुद्रमार्ग बंद पडला. 2018 मध्ये तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, पण जहाज काही निघालं नाही. विमानानं आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला, हे चांगलंच झालं. म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचले. पण त्या आठवड्यात अनोळखी माणसं एकमेकांची होत आणि मन हळूहळू घरापासून सुटत जाई. विमानात त्याला वेळच मिळत नाही.

अम्मीनं दोनदा अर्ज भरला, दोन्ही वेळा कुर्‍यात नाव आलं नाही. आता तिचे गुडघे दुखतात. सुटीसाठी साठवलेले पैसे क्रूझवर घालावेत की तिच्या पुढच्या अर्जासाठी ठेवावेत, हा आमच्या घरातला खरा वाद आहे. गोवा की लक्षद्वीप, हा वाद त्याच्या मागे दडलेला होता. सैर करणं गुनाह नाही, हे मी मुलांना सांगितलं. पण दादांनी आधी उधारी फेडली आणि मग पेटी बांधली, हेही सांगितलं.

शेवटी मुलांनीच ठरवलं. यंदा तिघींची आणि माझी क्रूझ नाही, अम्मीचा अर्ज. नाव लागलं तर तिच्यासोबत मी जाईन. नाही लागलं, तर पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून लक्षद्वीप.

अम्मीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही वाटा त्याच समुद्रावरून जातात ना? मग अर्ज भर."