धातूंचा शेजार



आज मी आपणांशीं मालमोटारीच्या गंजाविषयीं बोलणार आहें. इतिहासाच्या व्याख्यानांत हा विषय कसा आला, असें कोणी विचारील. परंतु राजेरजवाड्यांच्या लढायांप्रमाणें मनुष्यानें गंजाशीं चालविलेल्या लढाईलाहि इतिहास आहे. तो नीट न जाणल्यामुळें माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती कबूल करावी हाहि आजच्या भाषणाचा एक हेतु आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. कोंकणांत समुद्रकांठच्या एका शाळेंत मीं तीस वर्षें शास्त्र शिकविलें आणि दर वर्षीं फळ्यावर एक वाक्य लिहिलें : 'लोखंड गंजतें, अल्युमिनियम गंजत नाहीं.' माझा एक विद्यार्थी पुढें मासळी वाहणारी लहान मालमोटार चालवूं लागला. बर्फाच्या खाऱ्या पाण्यानें गाडीचा लोखंडी तळ खाऊन टाकला, तेव्हां गुरुजींचें वाक्य स्मरून त्यानें अल्युमिनियमचा पत्रा आणला आणि पितळी स्क्रूंनीं तो लोखंडी सांगाड्यावर पक्का बसविला. दोन पावसाळ्यांत स्क्रूंभोंवतीं पांढरी भुकटी जमली, पत्र्याला भोंकें पडलीं, आणि त्यांतून झिरपणारें खारें पाणी खालच्या ब्रेकच्या नळीवर ठिबकत राहिलें. एके दिवशीं घाट उतरतांना ती नळी फुटली. गाडी डोंगराच्या बाजूस अडली, म्हणून पोराच्या हाताच्या हाडावर निभावलें. दुसऱ्या बाजूस दरी होती.

माझें वाक्य अगदींच खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. लोखंडावर पाणी व प्राणवायु यांच्या योगानें चढणारा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आंतील धातु उघडी पडते. अल्युमिनियमवरहि असाच थर चढतो, पण तो इतका पातळ व चिवट असतो कीं आंतील धातूला तो पांघरुणासारखा जपतो. मात्र ही धातु एकटी असेल तोंवरची ही गोष्ट आहे. शेजार बदलला कीं स्वभाव बदलतो. 'ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला' ही म्हण धातूंनाहि लागू पडते.

हा धडा प्रथम ब्रिटिश आरमारानें मोठी किंमत देऊन घेतला. १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला, लांकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव व्हावा म्हणून, तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनीं तपासणी झाली तेव्हां अनेक पत्रे निखळलेले आढळले. पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे झिजून गेले होते. पण चमत्कार असा कीं, कांहीं खिळे शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद तेथें काढावयाचा राहिला होता, आणि त्यानें तांबें व लोखंड यांची गांठ पडूं दिली नव्हती !

याचें कारण पुढें उमगलें. १८०० सालीं इटलींतील व्होल्टा यानें दाखविलें कीं, दोन भिन्न धातु खारट ओलाव्यानें जोडल्या कीं विजेचा प्रवाह वाहूं लागतो. त्या प्रवाहांत हलकी धातु विरघळते व श्रेष्ठ धातु वांचते. तांब्याजवळ लोखंड हलकें ठरतें. पितळेजवळ अल्युमिनियम हलकें ठरतें. शिवाय लहानसा खिळा हलका आणि पत्रा मोठा व श्रेष्ठ असला, तर खिळ्याचा नाश फारच लवकर होतो.

१८२४ सालीं हंफ्री डेव्ही यानें हेंच तत्त्व उलटें वापरलें. जहाजाच्या तांब्याला त्यानें जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले आणि तांबें वांचलें. परंतु तांब्याचें विष पाण्यांत उतरेनासें झाल्यानें तळाला शेवाळ व शिंपले चिकटले, जहाजांचा वेग मंदावला आणि योजना सोडावी लागली. तथापि विचार वायां गेला नाहीं. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडविण्याच्या कृतीचा हक्क नोंदविला. आपल्या घरांवरचा जस्ती पत्रा तो हाच. कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याला ओरखडा पडला कीं तेथें लोखंड झपाट्यानें गंजतें, कारण कथील श्रेष्ठ व लोखंड हलकें. जस्ताला ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखतें.

आतां मोटारीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती. म्हणून १९४८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत आलेल्या 'लँड रोव्हर' गाडीचे बाहेरचे पत्रे अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. सांगाडा मात्र पोलादी राहिला. अशा जुन्या गाड्यांत पत्रा दुरून धडधाकट दिसतो, पण पोलादाशीं भिडलेल्या कडांना पांढरी भुकटी सुटते आणि पोकळ सांगाडा आंतून गंजतो. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें २०१५ सालच्या आपल्या 'एफ-१५०' मालमोटारीस अल्युमिनियमचें अंग देऊन सातशें पौंडांपर्यंत वजन कमी केलें. सांगाडा तिनेंहि पोलादीच ठेवला. म्हणजे शेजाराचा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं, तो सांभाळावा लागतो.

कोणी म्हणेल, न गंजणारें पोलादच कां वापरूं नये ? १९१३ सालीं शेफील्ड येथें ब्रिअर्ली यानें क्रोमियम मिसळून तें सिद्ध केलें. पण तें महाग, आणि खाऱ्या ओलाव्यांत अल्युमिनियमला जोडल्यास तेंहि पितळेसारखेंच वागतें.

यास्तव मालमोटार बाळगणाऱ्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दोन भिन्न धातूंमध्यें रबराची पट्टी घालावी. पितळी स्क्रू टाळून जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावे. रंग दोन्ही धातूंना द्यावा. केवळ हलकीला दिला, तर जेथें ओरखडा पडेल तेथेंच सगळा मारा होतो. पाणी सांचूं न देतां, खारा माल उतरल्यावर गाडी गोड्या पाण्यानें धुवावी, आणि ब्रेकच्या नळ्या वाकून पाहाव्या. वरून कांहींच दिसत नाहीं.

मीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, वाक्य तुमचें होतें, पण स्क्रू मींच निवडले होते." त्याचें हें बोलणें थोरपणाचें होतें, पण निम्मा दोष माझा, हें मी जाणतों. त्याच्या गाडीला आतां रबरावर बसविलेला नवा तळ आहे. आणि कोठें शाळेंत बोलावणें आलेंच, तर मी फळ्यावर जुनें वाक्य लिहून त्याखालीं आणखी एक लिहितों : 'धातु निवडतांना तिचा शेजारी कोण, हें आधीं विचारावें.'