ऑनलाइन खरेदी : वर्णनाशी न जुळणारा माल आणि ग्राहकाचे हक्क

रेशमी म्हणून मागवलेली साडी कृत्रिम धाग्याची निघणे किंवा सागवानी म्हणून घेतलेले टेबल प्लायवूडचे असणे, असे अनुभव ऑनलाइन खरेदीत अनेकांना येतात. रक्कम लहान आणि विक्रेता दूरच्या शहरातला असल्याने बहुतेक ग्राहक तक्रार न करताच नुकसान सोसतात. मात्र अशा व्यवहारांत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे.

कायदा काय सांगतो?

१९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या व्यक्तीचा त्यात ‘ग्राहक’ म्हणून स्पष्ट समावेश आहे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

२३ जुलै २०२० रोजी ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम अधिसूचित झाले. माल सदोष वा बनावट असल्यास, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म त्यात नसल्यास, तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही अट अशा प्रसंगी ग्राहकावर लादता येत नाही.

केवळ रंग आवडला नाही किंवा विचार बदलला, या कारणाने वस्तू परत करण्याचा हक्क मात्र कायद्याने दिलेला नाही. ती सवलत विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून तक्रारीत ‘वस्तू पसंत नाही’ असे न लिहिता वर्णन काय होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, हे नेमके नोंदवावे.

संकेतस्थळाची जबाबदारी

अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव व पत्ता, तसेच माल परत करण्याच्या अटी ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा नियम आहे.

पुरावे जपा

वस्तूचे वर्णन असलेल्या पानाचे छायाचित्र मागणी नोंदवतानाच जतन करावे, कारण ते वर्णन नंतर बदलले जाऊ शकते. बिल, वेष्टन, पार्सल उघडतानाची चित्रफीत आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार सांभाळून ठेवावा. माल परत करण्यासाठी दिलेली मुदत संपण्यापूर्वीच लेखी तक्रार करावी.

दाद कोठे मागावी?

विक्रेत्याकडून समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. तेथे मराठीतही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन तडजोडीसाठी प्रयत्न करते, परंतु आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार ग्राहक आयोगाला आहे.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावे लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्तीही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तो घरबसल्या दाखल करता येतो.

ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. विक्रेता दिल्लीचा असला, तरी नागपूर, इंदूर किंवा बडोद्यातील ग्राहकाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. माल सदोष किंवा वर्णनाविरुद्ध असल्याचे सिद्ध झाल्यास आयोग वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा, तसेच नुकसानभरपाई व दाव्याचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो.