पत्त्याची शेवटची ओळ

परदेशी जाणाऱ्या पत्रावरील पत्ता दोन निरनिराळ्या वाचकांसाठी लिहिलेला असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. शेवटच्या ओळीतले देशाचे नाव वाचतो तो आपल्याकडचा टपाल-कारकून. वरचे गाव, रस्ता, घरक्रमांक वाचतो तो तिकडचा पोस्टमन. तेव्हा देशाचे नाव पाठविणाऱ्याच्या मुलखात कळेल असे, आणि बाकीचा पत्ता घेणाऱ्याच्या मुलखात कळेल असा, ही रीत ओघानेच आली.

१८७४ साली २२ देशांनी बर्न येथे करार करून टपालसंघ स्थापन केला. १८७६ साली हिंदुस्थानही त्यात आला. गंमत अशी की, ज्या स्वित्झर्लंडमध्ये हा करार झाला त्या देशाला त्याच्या स्वतःच्याच चार भाषांत चार नावे आहेत! एकीची बाजू घेतली असे दिसू नये, म्हणून तिथल्या तिकिटांवर 'हेल्वेशिया' हे लॅटिन नाव छापतात. जर्मनीला जर्मन लोक डॉइचलांड, फ्रेंच आलमान्य, तर फिनलंडचे लोक साक्सा म्हणतात. अनुभवी कारकुनाला या साऱ्यांतून देश एकच दिसे. यंत्राला तो दिसत नाही. ते अक्षरास अक्षर ताडून पाहते.

१९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने प्रत्येक देशास दोन रोमन अक्षरांचे सांकेतिक चिन्ह दिले. जर्मनीस डीई, स्वित्झर्लंडला लॅटिन नावावरून सीएच. परंतु १९९० नंतरच्या दशकात संगणकातील पत्तावहीसाठी 'व्हीकार्ड' नावाचा नमुना ठरला, त्यात पत्त्याचे सात भाग केले आणि सातव्यात देशाचे नाव साध्या मजकुरात ठेवले. परिणामी एकाच वहीत 'जर्मनी' आणि 'डॉइचलांड' हे दोन देश होऊन बसतात.

यावर तोड म्हणून वहीच्या पोटात चिन्ह ठेवावे आणि पडद्यावर नाव मालकाच्या भाषेत दाखवावे, असे जाणकार सांगतात. युनिकोडच्या कोशात अशी नावे मराठीतही आहेत. पडद्यापुरते हे उत्तमच. पण लिफाफ्याचे काय? बर्लिनला राहणाऱ्या मराठी गृहस्थाने आपली वही मराठीत ठेवली आणि पुण्याचा पत्ता छापला, तर शेवटच्या ओळीत देवनागरीत 'भारत' उमटेल. पुण्याच्या पोस्टमनला ते सहज वाचता येईल. मात्र पत्र आधी जायचे आहे बर्लिनच्या टपालघरातून! म्हणजे छापताना वहीच्या मालकाची भाषा विचारून भागत नाही. पत्र कोठून निघणार, हे विचारले पाहिजे. पुष्कळ सुबक आज्ञावल्या हा प्रश्न विचारीतच नाहीत.

बरे, चिन्ह तरी अढळ असावे? तेही नाही. १९९२ सालच्या अखेरीस चेकोस्लोव्हाकिया संपला. त्याचे सीएस हे चिन्ह २००३ साली सर्बिया आणि माँटेनेग्रो या जोडराज्यास दिले गेले. २००६ साली ते राज्यही दुभंगले. जुन्या वहीत पूर्ण नाव लिहिलेले असेल, तर कोणी जाणता माणूस प्राग शहराचा आजचा देश शोधून काढील. ज्या वहीत नुसती दोन अक्षरे ठेवली होती, ती मधल्या तीन वर्षांत प्रागच्या स्नेह्याचे पत्र बेलग्रेडच्या वाटेला लावू शकली असती.