मज्जा

परळला टाटा रुग्णालयाबाहेर परगावचे नातेवाईक रिपोर्टातला एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचतात : ‘मायलॉइड’. ग्रीक ‘मायेलॉस’ म्हणजे मज्जा, हाडाच्या पोकळीतला मऊ गर. आपली मज्जा संस्कृत ‘मज्जन्’वरून आलेली, आयुर्वेदातल्या सप्तधातूंतली सहावी. नवल म्हणजे आपण पाठीच्या कण्यातल्या दोरालाही मज्जारज्जू म्हणतो, आणि ग्रीक शब्दही दोन्हींना चालतो. पोलिओमायलायटिसमध्ये तोच आहे.

रक्त मज्जेत तयार होतं हे जर्मन शास्त्रज्ञ नॉयमान यांनी १८६८ साली दाखवलं. म्हणूनच रक्ताच्या कर्करोगाच्या निदानासाठी कमरेच्या मागच्या हाडात सुई घालतात. काचपट्टीवर मज्जेचा थेंब पसरला की त्यात गराचे बारीक कण शोधायचे. ते दिसले तरच नमुना खरा. याच टाटात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं मज्जारोपण केलं.