चहाचं मशीन घेण्याआधी थोडा इतिहास

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात आठ बाय दहाच्या गाळ्यात झेरॉक्स किंवा मोबाइल रिचार्ज चालवणारा माणूस चहा-कॉफीचं मशीन घ्यायचं म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं टिकेल? प्रश्न व्यवहाराचा आहे. पण पैसे घेऊन आपोआप पेय देणाऱ्या यंत्राचा इतिहास बघितला, तर ‘भरवशाचं’ या शब्दाचे दोन अर्थ निघतात. एक, यंत्र बिघडू नये. दुसरा, ते समोर येईल त्या माणसाला सारखंच देईल.

सुरुवात फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या पाण्यासाठी एका यंत्राची रचना लिहून ठेवली. पाच द्राख्माचं नाणं टाकलं की ते एका तबकडीवर पडायचं, त्याच्या वजनाने दांडी झुकायची, झडप उघडायची आणि थोडं पाणी बाहेर यायचं. नाणं घसरलं की झडप बंद. हे पाणी पिण्याचं नव्हे, शुद्धीचं होतं. गंमत बघा, या यंत्राला नाणं ओळखू येत नव्हतं, फक्त वजन कळत होतं.

पिण्याच्या पाण्याचं यंत्र खऱ्या अर्थाने आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. तिथे स्टेशनांवर, शाळांत सगळ्यांसाठी एकच पेला साखळीला बांधलेला असायचा. त्यातून रोग पसरतात, हे लोकांच्या लक्षात येऊ लागलं होतं. बोस्टनच्या लॉरेन्स लुएलनने 1907-08 च्या सुमारास एक सेंटला कागदी पेल्यातून थंड पाणी देणारं यंत्र आणलं. 1909 मध्ये कॅन्सस राज्याने सामाईक पेल्यावर बंदी घातली. पाणी विकणं पुढे मागे पडलं. कागदी पेला मात्र टिकला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडेही पेल्याची भीती होती, पण ती जंतूंची नव्हती. 1901 मध्ये सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्यासोबतच्या भावाला व भाच्यांना वाटेत पाणी मिळालं नाही. डबा जवळ होता, पण पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. खिशात पैसे होते, तरीही! पुढे 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं झालं. त्यानंतरही चहाच्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या राहिल्याच, आणि 1972 च्या दुष्काळाच्या काळात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालवावी लागली.

म्हणून मला हे यंत्र इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं. ते आडनाव विचारत नाही. एकदा वापरून फेकायच्या कपामुळे वेगळी कपबशी ठेवायची सोयच उरत नाही. अर्थात मनातला भेद त्याने जातो असं नाही, तो फक्त टेबलावरून हटतो. आणि यंत्र एक अट घालतंच: पैसे. पाणपोई ती अट घालत नव्हती, पण पाणपोईवर वरून ओंजळीत पाणी ओतणारा हात कुणाला जवळ येऊ देतो, हा प्रश्न होता. रेल्वे स्टेशनांवर 2015 नंतर पाण्याची मशीन आली, तेव्हा स्वतःची बाटली असेल तर 300 मिलीला 1 रुपया हा दर होता. दर स्वस्त होता, तरी बरीच मशीन पुढे बंद पडली. बंद मशीनसमोर सगळे समान असतात, पण तहानलेले!

मग छोट्या गाळ्यात काय घ्यावं? टेबलावर मावणारं, दोन किंवा तीन पेयांचं प्रीमिक्स मशीन पुरे. त्यात गरम पाण्याची टाकी, पावडरचे डबे आणि घुसळणारी छोटी मोटर असते. बिघाड बहुतेक तीन ठिकाणी होतो. वाफेने पावडर ओलसर होऊन गोळे धरते, म्हणून मिसळायचा वाडगा आणि नळ्या रोज धुवाव्या लागतात. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार बसतो, म्हणून आरओचं पाणी वापरावं. लाइट गेली की पाणी थंड, म्हणून एक मोठा थर्मास जवळ असावा. पेयांचे प्रकार किती, हे नंतर विचारा. दुरुस्तीवाला हिंगोलीहून येतो की छत्रपती संभाजीनगरहून, आणि किती दिवसांत, हे आधी विचारा. क्यूआर कोड लावला तरी सुट्टे घ्यायची सोय ठेवा, कारण शेतावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे फोन असेलच असं नाही.

आणि जमलं तर मशीनशेजारी पिण्याच्या पाण्याचा एक माठ, तोटी लावलेला. चहाला पैसे लागतात ते ठीक आहे. पाण्याला ना नाणं लागावं, ना कुणाचा वाढणारा हात.