कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायची मुभा आहे का? ओपन सोर्स परवान्याचे साधे नियम

वाचनालयाची पुस्तक नोंद, शाळेची हजेरी, बोलीभाषेचा शब्दकोश अशा कामांसाठी गावोगावची तरुण मंडळी विनामोबदला सॉफ्टवेअर तयार करतात. कोड गिटहबवर टाकला की तो सगळ्यांचा झाला, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. सोबत परवाना नसेल तर मूळ मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर ते काम पुढे न्यायचा हक्क कुणाकडेच उरत नाही.

कायदा काय सांगतो?
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या निधनानंतरही तो ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो.

गिटहबच्या अटींनुसार सार्वजनिक ठेवलेला कोड इतरांना पाहता येतो आणि गिटहबवरच आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते. त्यापलीकडे वापर, बदल किंवा वाटप करायचे तर परवाना लागतोच.

कोणता परवाना घ्यावा?
एमआयटी परवाना सर्वांत सुटसुटीत. लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला की झाले. अपाची २.० मध्ये पेटंटबाबतची परवानगीही स्पष्ट दिलेली आहे.

जीपीएलची अट कडक आहे. १९९१ ची दुसरी आणि २००७ ची तिसरी आवृत्ती आजही वापरात आहे. कोडमध्ये बदल करून तो दुसऱ्याला दिला, तर त्याला मूळ कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. पैसे घ्यायला मनाई नाही, कोड लपवायला आहे.

फॉन्टसाठी ओपन फॉन्ट लायसन्स आहे. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे बलू फॉन्ट याच परवान्याखाली देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत मिळतात. पुस्तक, फलक, पत्रिका कशातही ते वापरता येतात. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही.

कोड ठेवायचा कुठे?
प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. जर्मनीतील कोडबर्ग ही सेवा मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठीच आहे. सेवा कायम राहीलच असेही नाही. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. म्हणून दुसरी प्रत हवीच. गिट वापरून घेतलेल्या पूर्ण प्रतीत बदलांचा इतिहासही येतो, त्यामुळे ते अवघड नाही.

एवढे तरी करा
– पहिल्याच दिवशी परवान्याची फाइल जोडा. प्रत्येकाच्या कोडवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, त्यामुळे नंतर परवाना बदलायचा तर सर्वांना विचारत फिरावे लागते.
– दुसऱ्याचा कोड घेतला असेल तर त्याचा परवाना आपल्या परवान्याशी जुळतो का, ते पाहा.
– खाते संस्थेच्या नावाने काढा आणि किमान दोघांना मालकाचे अधिकार द्या.
– पासवर्ड, सभासदांचे फोन नंबर कोडमध्ये टाकू नका. फाइल पुसली तरी ते जुन्या नोंदींत राहतात.

परवान्याचा मजकूर तयार मिळतो, खर्च शून्य. फाइल जोडायला पाच मिनिटे पुरतात. ती राहून गेली, तर वर्षभराची मेहनत नुसती बघायची वस्तू होऊन बसते.